दही लागेना

गाडगे तिरके करावे आणि आतले दही जागचे हलू नये, इतकी साधी ती परीक्षा. सुनेने पहिले गाडगे तिरके केले तर आतले सगळे काठाशी धावत आले. दुसरे केले, तेही तसेच. पाच गाडगी होती आणि पाचांतही काल संध्याकाळी विरजलेले दूध आज सकाळी दूधच होते. वास तेवढा बदललेला, ना दुधाचा ना दह्याचा, ओल्या फडक्यासारखा.

ही तिसरी सकाळ. पहिल्या दिवशी तिने गारठ्याला बोल लावला. पंधरा दिवस पाऊस बसून होता, गोठ्यात घोट्याएवढा चिखल, कपडे वाळत नव्हते, मग दही तरी कसे लागणार? दुसऱ्या दिवशी गाडगी उकळत्या पाण्याने धुतली, चुलीशेजारी पालथी घातली, दूध विरजून पोत्यात गुंडाळून ठेवले. आज दोष द्यायला कोणी उरले नव्हते, ती स्वतः सोडून.

बावीस वर्षांपूर्वी सासूने विरजणाची वाटी तिच्या हातात दिली होती. "घरातलं दुसरं काहीही मोड, हे मोडू नकोस," असे म्हणाली होती. सासू गेली, विरजण राहिले. रोज चमचाभर बाजूला काढायचे, रोज लावायचे. घराचा निम्मा खर्च त्या गाडग्यांवर चालायचा आणि सुनेची ऐट तर सगळीच.

"पोरी," आतल्या खोलीतून आबांनी हाक मारली. आबा म्हणजे तिचे सासरे. आवाज इतका बारीक की मांजराचा वाटावा.

ती गेली तेव्हा आबा भिंतीला धरून उभे होते आणि धोतराचा मागचा भाग एका हाताने गोळा करून धरला होता. उजाडल्यापासून ही पाचवी खेप. एवढ्या खेपेला परसदारी पोचले नव्हते.

"राहू दे, मी धुतो," ते म्हणाले.

"तुम्ही उभे राहा, तेवढं पुष्कळ आहे."

तिने धोतर सोडवले, ओल्या फडक्याने पाय पुसले. आबांच्या डाव्या पोटरीवर मोठा व्रण होता, तीन वर्षांपूर्वी कुदळ लागली होती त्याचा. पोटरी आता व्रणाभोवती लोंबत होती. चार दिवसांत माणूस असा सुकतो? आबा वर छपराकडे बघत होते. सुनेने आपल्याला असे पुसावे याची लाज त्यांना पोटाच्या कळेपेक्षा जास्त होत होती, हे तिला दिसत होते, म्हणून तीही खाली मान घालून पुसत राहिली.

"बाईमाणसानं करायचं काम नाही हे."

"गोठ्यात रोज काय करते मी?"

"म्हणजे मी बैल झालो."

"बैल एवढं बोलत नाही, आबा."

आबा हसले आणि हसता हसता पोट धरून खाली बसले.

तेवढ्यात तिचा नवरा बिस्किटांचा डबा घेऊन आला. गाव त्याला कंपाउंडर म्हणायचे. तरुणपणी चार वर्षे तो गुरांच्या डॉक्टरकडे बाटल्या धुवायला आणि बैल धरायला होता, तेवढ्या पुण्याईवर ही पदवी मिळाली होती. पण हाताला गुण होता हे खरे. रात्री-अपरात्री कोणाची गाय अडली की माणूस त्याच्याच दाराशी यायचा आणि तोही पायांत चपला आहेत की नाहीत हे न बघता धावायचा.

डब्यात बिस्किटे नव्हती. अर्ध्या लाल, अर्ध्या काळ्या कॅप्सुलांची पाकिटे होती, काही अख्खी, काही अर्धी. आबांच्या पायाला कुदळ लागली तेव्हा जखम चिघळून पाय काळानिळा झाला होता, कापावा लागेल असे म्हणत होते. शहरातल्या डॉक्टरने ही कॅप्सूल दिली, सुया दिल्या आणि पाय वाचला. तेव्हापासून कंपाउंडरची या गोळीवर भक्ती बसली. शहरात गेला की पाकीट आणायचा. दाढ दुखली, लाल-काळी. गळू झाले, लाल-काळी. तीही फोडून, आतली भुकटी जखमेवर भुरभुरायची. दोन दिवसांत बरे वाटले की उरलेल्या डब्यात, पुढच्या दुखण्याला.

"ही एकाच जंतूला शोधत बसत नाही," तो सांगायचा. "दिसेल त्याला झोडपते. मग दुखणं कुठलं का असेना."

बारा दिवसांपूर्वी आबांना खोकला झाला तेव्हाही हीच दिली होती. पाच दिवस दिली, खोकला गेला. मग दोन दिवसांनी पोट बिघडले. पोटालाही हीच.

"आ करा," कंपाउंडर म्हणाला.

आबांनी तोंड उघडले. कसली गोळी, कशाला, हे ते कधी विचारत नसत. मुलाने दिली म्हणजे घ्यायची. गिळून ते पुन्हा भिंतीला टेकले.

"चार दिवस झाले," सून म्हणाली. "उतार तर दिसत नाही."

"म्हणून तर आजपासून दोनाच्या चार केल्या."

ती धोतर घेऊन मोरीकडे निघाली. बांडीच्या कासेची सूज तर याच्याच हाताने उतरली होती, तेही तिच्या डोळ्यांदेखत.

बांडी ही घरातली चौथी गाय, काळीपांढरी, आबांनी बाटलीने दूध पाजून वाढवलेली. चिखलात बसून बसून तिला दगडी झाली. कास गरम आणि टणक, सडातून दुधाऐवजी गाठी आणि रक्त. गुरांचा डॉक्टर येऊन सात दिवसांच्या सात सुया लिहून गेला होता. कंपाउंडरने पहिली टोचली तेव्हा बांडीने त्याला भिंतीपर्यंत उडवले, दुसरी टोचली तेव्हा नुसता पाय उचलला, आणि तिसऱ्या दिवशी उभी राहून रवंथ करायला लागली.

"बाटलीवर आणि पाकिटावर नाव एकच आहे," त्या दिवशी तो छाती काढून म्हणाला होता. "माणूस असो, गाय असो."

सकाळच्या कामात हे सगळे डोक्यात फिरत असतानाच खानावळवाली दारात आली. रोजची पाचही गाडगी तीच न्यायची.

"आजही नाही?" तिने विचारले.

"उद्या लागेल."

"कालही उद्याच म्हणालीस." खानावळवालीने एका गाडग्यात बोट बुडवले, वर काढून नाकाशी नेले, तोंड वाकडे केले आणि बोट दाराच्या चौकटीला पुसले. रस्त्यावरून दोन बाया चालल्या होत्या, त्या थांबून बघत राहिल्या. "माणसाचं चित्त थाऱ्यावर नसलं की हात बिघडतो बाई. तुझा दोष नाही म्हणत मी. पण गिऱ्हाइकाला मी काय वाढू? तुझा हात ताळ्यावर येईपर्यंत मी दुसरीकडून घेते."

"घ्या की. मी कुठं नाही म्हणते?" सून म्हणाली. खानावळवाली गेल्यावर तिने चौकट पदराने पुसली, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिली. इतकी वर्षे सगळे म्हणायचे, हिच्या हातचे दही सुरीने कापावे. तोच हात आता बिघडला म्हणे. तिने हात उलटासुलटा करून पाहिला. कालचाच तो हात होता.

संध्याकाळी दूध काढायला बसली तेव्हा ती बारकाईने बघत होती, काय बघायचे ते माहीत नसताना. तीन गाई ती पिळायची. बांडी आजारी पडल्यापासून तिला कंपाउंडर पिळायचा. त्याची बादली भरली, तो उठला आणि ती बादली त्याने सरळ मोठ्या कॅनमध्ये उपडी केली.

"हे बांडीचं ना?"

"मग काय वळूचं?"

"ते ओतून द्यायला सांगितलं होतं डॉक्टरनं."

"ओतलं की पहिले दोन दिवस. आता बघ, कसं पांढरंशुभ्र येतंय. गाठ नाही, रक्त नाही."

"आणि औषध?"

कंपाउंडर हसला. "अगं, सुई मी पुठ्ठ्यावर टोचतो, मागल्या मांडीच्या वर. कासेत नाही. पुठ्ठा कुठं, कास कुठं."

ते तिला पटले. म्हणजे अर्धे पटले. उरलेले अर्धे घेऊन तिने चारही गाईंच्या कासेतून शेवटची धार पुन्हा काढून चार वाट्यांत वेगवेगळी घेतली आणि ती स्वयंपाकघरात आली. जुन्या विरजणाची एक वाटी तिने बाजूला झाकून ठेवली होती. आंबून पिवळे पडलेले, तळाशी चार चमचे. चार वाट्यांना चार चमचे लावले. ते चुकले असते तर सासूचे विरजण त्या दिवशी संपले असते.

सकाळी आबांना बाहेरून आणून निजवले आणि ती वाट्यांशी गेली. पहिली तिरकी केली. हलली नाही. दुसरी हलली नाही. तिसरीत बोटाचा ठसा उमटला आणि तसाच राहिला. बांडीची वाटी उचलली तर दूध मनगटावर सांडले.

ती तशीच उकिडवी बसून राहिली. हात बिघडला नव्हता, याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला असावा, पण त्याच्या मागोमाग दुसरेच काही येऊन उभे राहिले. सुई पुठ्ठ्यावर, औषध दुधात. एका गाईचे दूध कॅनमध्ये पडले आणि चौघींचे विरजण मेले. दिसेल त्याला झोडपते, असे हाच म्हणत होता ना? मग विरजणाला ते काय ओळखणार?

तिने सुयांची रिकामी बाटली आणि डब्यातले एक पाकीट शेजारी शेजारी धरले. इंग्रजी तिला वाचता येत नव्हते, पण अक्षर अक्षराशी ताडता येत होते. पहिली सात अक्षरे सारखी होती. पुढची वेगळी असतील तर असोत.

आणि आबांचे पोट? तिथेही विरजणासारखे काही असते का? अन्न आत जाते, त्याचे अंगी लागते, ते काय नुसते आपोआप? तिला कोणी हे शिकवले नव्हते. पण बारा दिवसांत दोन सोडले तर रोज ही गोळी आत जात होती, आणि आबांचे पोट त्या गाडग्यांसारखे झाले होते. काही धरत नव्हते.

खरे असेल का हे? की आपण दहीवाली, म्हणून सगळीकडे दहीच दिसते? तिच्या डोक्याचा भुगा झाला होता.

आतून आवाज आला. "आ करा."

ती धावली. आबांनी तोंड उघडले होते, कंपाउंडरने कॅप्सूल जिभेवर ठेवली होती आणि तो पाण्याचा तांब्या उचलत होता. सुनेने पुढे होऊन सासऱ्यांच्या तोंडात दोन बोटे घातली आणि कॅप्सूल बाहेर काढली. ती विरघळायला लागली होती; बोटे लाल झाली.



"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" कंपाउंडर म्हणाला.

"ह्यानंच होतंय आबांना."

"कशानं?"

"गोळीनं. पोटातलं मारते ती. दही नाही का लागत, तसं."

"दही?" त्याने आबांकडे पाहिले, जणू साक्षीदार हवा होता. "बाप मरायला टेकलाय आणि हिला दही सुचतंय. अगं, ह्याच गोळीनं पाय वाचला ह्यांचा! आठवतंय? कुजलेला वास यायचा पायाला. तू नाकाला पदर लावून मलमपट्टी करायचीस."

"आठवतंय."

"बांडीची कास कुणी उतरवली?"

"ह्यानंच."

"खोकला?"

"तोही गेला."

"मग?"

त्याचे प्रत्येक बोलणे खरे होते. तरी लाल झालेली बोटे तिने मुठीत धरली आणि दुसऱ्या हाताने डबा उचलून पोटाशी घेतला.

"मी नाही देऊ देणार."

"मग पोटाला काय देऊ, ते तरी सांग."

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणे! उद्या काही कमीजास्त झालं तर? कुणाच्या माथ्यावर?"

"माझ्या," ती म्हणाली.

कंपाउंडर खाली बसला. त्याचा आवाज उतरला. "आणि बांडीला? तिच्या पाच झाल्या, दोन राहिल्यात."

"तिलाही नका टोचू. चांगली चरतेय की आता. बस झालं ते विष."

त्याने हातातला तांब्या खाली ठेवला.

दुपारपर्यंत आबा आणखी खचले. आता नुसते पाणी आणि त्यात रक्ताचा धागा. ओठांना पापुद्रे आले. बोलायला गेले की जीभ टाळूला चिकटायची. सून चमचा-चमचा साखरमिठाचे पाणी घालत होती आणि मनात एकच चालले होते, आपण काढून घेतली म्हणून तर नाही? सकाळी दिली असती तर? ती उठून डब्यापर्यंत गेली, झाकण उघडले, पुन्हा लावले. असे तीनदा झाले.

कंपाउंडर बापाशेजारी बसला होता. वासराला हगवण लागली की तो मानेची कातडी चिमटीत धरून सोडायचा. कातडी लगेच बसली तर भीती नाही, उभी राहिली तर वासरू गेले. विचार न करता त्याने बापाच्या हाताची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती उभी राहिली. तो तिच्याकडे बघत राहिला, ती खाली बसेपर्यंत. मग उठला आणि अनवाणीच दुधाच्या टेम्पोवाल्याकडे पळाला.

तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने सुनेपेक्षा लहान होत्या आणि सकाळपासून उभ्या होत्या, हे त्यांच्या पायांकडे बघून कळत होते. त्यांनी आबांचे पोट दाबले, डोळे पाहिले, सलाईन लावायला सांगितले आणि विचारले, "आधी काही औषध दिलं होतं?"

कंपाउंडर जमिनीकडे बघू लागला. सुनेने पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडले. बराच वेळ त्या आत बघत होत्या.

"कोणी सांगितली ही?"

"मीच," कंपाउंडर म्हणाला. "खोकल्याला पाच दिवस दिली. मग पोटाला."

"खोकल्याला ताप होता? बेडका पडत होता?"

"नाही. साधाच."

"मग हिची गरजच नव्हती. आणि जुलाब हिच्यामुळेच झाले बहुतेक. मी तपासायला पाठवते, पण तसंच दिसतंय. त्यावर पुन्हा हीच देत राहिलात तुम्ही." त्या ओरडल्या नाहीत, ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. "पोटात चांगले जंतूही असतात. ही गोळी त्यांनाही मारते. मग राखणदार गेले की एखादा दांडगा जंतू, जो हिला दाद देत नाही, तो एकटाच माजतो. हे त्याचं आहे."

"विरजण मेलं," सून पुटपुटली.

"काय?"

"काही नाही."

"नाही, बोला."

"गाईला हेच औषध चालू होतं. दही लागेना. म्हणून मी आज सकाळी ह्यांची गोळी बंद केली. मला नक्की ठाऊक नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिले. "बंद केलीत ते बरं केलंत. आणखी दोन दिवस गेले असते तर मी काही सांगू शकले नसते." त्या लिहू लागल्या. "आता ही दुसरी गोळी. चौदा दिवस."

"हे पण जंतू मारायचंच औषध?" सुनेने विचारले.

"हो."

"गोळीनं झालं, त्यावर गोळीच?"

"ही वेगळी. ही त्या दांडग्यालाच मारते, इतरांच्या फारशी वाटेला जात नाही."

"आणि मग तीन वर्षांपूर्वी त्यांच्या पायाला..."

"पायाला ती दिली ते बरोबर होतं. नसती दिली तर पाय गेला असता, कदाचित माणूसही."

"मग ती चांगली की वाईट?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. बाहेर माणसांची रांग होती. "कोणाला, कशासाठी, किती दिवस, ते बघून ठरतं," त्या म्हणाल्या. "आणि ते तुम्ही डब्यातून ठरवायचं नाही." डबा त्यांनी आपल्याकडेच ठेवून घेतला.

सुनेला सगळे शब्द कळले होते. एकत्र करून काय कळले, ते सांगता आले नसते.

दवाखान्यात चार दिवस गेले. ती आबांच्या खाटेखाली सतरंजी टाकून राहिली. कंपाउंडर गोठ्यासाठी घरी. पहिल्या दिवशी आबांनी डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या दिवशी उघडले आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला विचारले की इथे चहा मिळतो का. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी मोरीपर्यंत जाऊन आले आणि परत येताना सुनेकडे बघून त्यांनी मान ताठ केली. तिला रडू आले. ती बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली, पोटभर रडली, आणि तोंड धुऊन आत आली.

पाचव्या दिवशी टेम्पोतून घरी आले. आबांना खाटेवर निजवून ती आधी गोठ्यात गेली. पाऊस थांबला होता. तिघी गाईंनी तिचा वास ओळखून माना वळवल्या. बांडीने वळवली नाही.

मागचा उजवा सड. तिने हात लावला तर तो कोपरा विटेसारखा टणक, थंड, आणि सड नुसता वादीसारखा लोंबत होता. पिळला. पिवळट पाण्याचे दोन थेंब आले आणि थांबले.

कंपाउंडर मागे येऊन उभा होता. दाढी वाढली होती.

"परवा पुन्हा सुजली," तो म्हणाला. "काल डॉक्टरला आणलं. तो सड गेला म्हणाला. बाकीचे तीन वाचतील. आता पुन्हा नव्यानं सुया चालू केल्यात."

"तुम्ही त्या दोन टोचल्या नाहीत?"

"तू नको म्हणालीस."

ती त्याच्याकडे बघत राहिली. लग्नाला बावीस वर्षे झाली होती. तिने पत्र्याला भोक आहे म्हणून सांगितले, त्याने ऐकले नाही. गोठा उतारावर नको म्हणून सांगितले, ऐकले नाही. ऐकले ते नेमके तेव्हा.

"तुम्हाला ठाऊक होतं ना? कंपाउंडर आहात ना तुम्ही?"

"ठाऊकच तर होतं," तो म्हणाला. "बापाच्या वेळीही ठाऊकच होतं मला. मग हाताला धीर होईना. दोनदा सुई भरली. दोनदा परत ठेवली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"मधेच सोडलं म्हणून उलटलं, म्हणाला. अर्धमेलं ठेवलं की जास्त चवताळतं." मग जरा थांबून, "दोनच राहिल्या होत्या गं."

तिने बांडीच्या मांडीला कपाळ टेकले. तिथे बंद केली म्हणून माणूस जगला. इथे बंद केली म्हणून सड मेला. तेच औषध, तोच दिवस, बंद करणारी तीच. मग त्या दिवशी आपल्याला कळले होते ते काय होते? काहीच कळले नव्हते, नुसता नेम लागला होता, आणि दुसरा नेम चुकला होता? तिला स्वतःचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या सात अक्षरांचा आला. बांडी शेपटी हलवत उभी होती.

त्या दिवसापासून बांडीच्या दुधाची बादली वेगळी झाली. कंपाउंडर ती गोठ्यामागच्या खड्ड्यात नेऊन ओतायचा. दूध पांढरेशुभ्र यायला लागले तरी ओतायचा, आणि शेवटच्या सुईनंतर आणखी किती दिवस ओतायचे ते त्याने गुरांच्या डॉक्टरला विचारून गोठ्याच्या भिंतीवर कोळशाने रेघा मारून ठेवले होते. सुनेने वाट्यांतले उरलेले विरजण शोधले. चार दिवसांत त्याला बुरशी आली होती. वरची बुरशी काढून तळाचे अर्धा चमचा मिळाले. त्यातले निम्मे एका वाटीत लावले, फसले. उरलेले पाव चमचा दुसऱ्या वाटीत लावले, आणि ते लागले. त्यातून एक गाडगे, मग दोन. दुसऱ्याच्या हातचे दही पातळ निघाले म्हणून खानावळवाली आपणहून परत आली. चौकटीचा विषय कोणी काढला नाही.

दवाखान्यातून येऊन सहा दिवस झाले, गोळ्यांचे दहा, तेव्हा आबा अंगणात ऊन खात बसले होते. गालांवर थोडे मांस आले होते. सुनेने वाटीभर दही आणून दिले. आबांनी वाटी तिरकी केली. दही हलले नाही. त्यांनी मान डोलावली आणि चाटूनपुसून खाल्ले.

मग तिने पाण्याचा तांब्या आणि गोळी पुढे केली.

आबांनी गोळीकडे पाहिले. पहिल्यांदाच.

"आता कशाला? बरा झालो की मी. दोन दिवस झाले, पोट दगडासारखं घट्ट आहे."

"चार दिवसांच्या राहिल्यात."

"तूच बंद करायला लावली होतीस ना? तोंडात बोटं घालून काढलीस माझ्या. बरं केलंस. तसंच समज आता." त्यांनी आवाज खाली आणला. "पोरी, मला भीती वाटते त्याची. पुन्हा तसं झालं तर? एक औषध मारतं, दुसरं तारतं, आपल्याला काय कळतंय त्यातलं?"

गोठ्यात कंपाउंडर बांडीला पिळत होता. तीन सडांच्या धारा बादलीत वाजत होत्या. आवाजात मधेच एक खाडा पडायचा, चौथ्याच्या जागी. आबाही ते ऐकत होते. बांडीचे त्यांना आल्या दिवशीच सांगितले होते. ते नुसते गोठ्यात जाऊन तिच्या गळ्याखाली खाजवत उभे राहिले होते.

सुनेच्या तळहातावर गोळी होती. पांढरी, लहान, काही न सांगणारी.

"तुझी खात्री आहे का?" आबांनी विचारले.

"नाही," ती म्हणाली. "आ करा."

आबा थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग त्यांनी तोंड उघडले.